वॅलीपुरोस शेवटी पोहोचण्याची मोहीम

उत्तरेस थोर सरोवर इनारी, त्याचे काठी त्याच नावाचे गाव, तेथील श्रीमंत मातोश्री लेम्पीबाईसाहेब, उमर बहात्तर, यांनी खासा हुकूम केला की, "ओइवा, तुला वेळच वेळ आहे, झालं ते सगळं खोपट्यातल्या वहीत नीट लिहून ठेव, आणि माझ्या गुडघ्याबद्दल पाल्हाळ लावू नकोस." सबब सेवक ओइवा, जो एकतीस वर्षे दारोदार टपाल पोचवून हल्ली नुसता शेजारी म्हणून उरला आहे, तो ही हकीकत लिहितो. जे डोळ्यांनी पाहिले ते तैसेच लिहिले. आणि जे दोन्ही छावण्यांत घडले ते उभय पक्षांनी मागाहून कॉफीवर तिखटमीठ लावून सांगितले, ते तिखटमीठ झाडून लिहिले. तरी कोठे जास्तकमी आढळल्यास ज्याने सांगितले त्याचे माथी, सेवकाचे नव्हे.

कलहाचे मूळ ऐसे जे, मातोश्रींस अपत्ये दोन. थोरले उर्होजी, हमरस्त्यावरील बर्फ लोटण्याचे अजस्र यंत्र हाकणारे, ज्यांची स्वारी सकाळी निघाली म्हणजे मोटारी कडेस उभ्या राहून वाट देतात. आणि धाकट्या काइसूबाई, शाळेत गणित सांगणाऱ्या, ज्यांची पाठ वर्गाकडे असताही मागल्या बाकावर चळवळ होत नाही. उभयतां मातब्बर, उभयतां मायाळू, परंतु रानात मुक्काम कोठे करावा या एका बाबीवर सहा वर्षांचे वैर. आमचे मुलखात मार्च माही ऊन वाढते आणि बर्फ वरून कडक होते, मग घरोघरची माणसे रानातील कुलूप नसलेल्या खोपट्यांत जाऊन दोन दिवस राहतात, आणि जो जात नाही त्यास शेजारी तब्येत विचारतात. उर्होजींचे म्हणणे, सरोवरातील बेटावरच्या खोपट्यास जावे, तेथे मासळी. काइसूबाईंचे म्हणणे, उघड्या डोंगरमाथ्यावरच्या खोपट्यास जावे, तेथे नजर पोचते. मग सहा वर्षे एक बेटावर, एक डोंगरावर, आणि मातोश्री घरी खिडकीशी. बरे, आमच्यात भांडण म्हणजे आरडाओरडा नव्हे. आमच्यात भांडण म्हणजे गप्प राहणे. सहा वर्षांत या बाबीवर एक शब्द चढा निघाला नाही, यावरून कलह किती दारुण ते वाचणाराने समजून घ्यावे.

ऐसे असता फेब्रुवारी माही मातोश्रींचा उजवा गुडघा फितूर जाहला. शहरच्या वैद्यांनी निकाल दिला की, एप्रिलात जुना गुडघा काढून नवा बसवणे, आणि त्याउपरि स्कीवर पाय ठेवता येईलसा भरवसा नाही. मातोश्रींनी ते ऐकून घेतले आणि घरी आल्या आणि एक पेला कॉफी ज्यादा घेतली. मग दोन्ही अपत्यांस फर्मान रवाना केले की, मार्चातील दुसरे गुरुवारी एक मोहीम करणे, दोन्ही लेकरे एका छपराखाली माझे सोबत राहणे, दुसरे काही मागणे नाही. जागा कोणती ते तुम्ही आपसात ठरवणे. फर्मान थोर, फक्त शेवटले कलम चुकले.

मग रविवारी मातोश्रींचे स्वयंपाकघरात दरबार भरला. वेलदोड्याचे पाव मांडले, रेनडिअरच्या सुक्या मांसाचे काप मांडले, कॉफीत बुडवावयास भाजके चीज मांडले. उर्होजी उजवे हातास, काइसूबाई डावे हातास, आणि त्यांचे शेजारी त्यांचे यजमान रोपेराव, दक्षिणेकडील तुर्कू शहरचे, घरबसल्या संगणकावर चाकरी करणारे. मनुष्य सालस, परंतु दोन मोजे चढवून वर तिसरा शोधणारा. सेवक दाराशी, कारण सेवकास कोणी बोलावले नव्हते, वास आला म्हणून आला होता.

प्रथम रोपेरावांनी अर्ज गुजरला की, डोंगरापलीकडे काचेच्या छताच्या गोल कोठ्या उभारल्या आहेत, जमीन खालून ऊबदार, पलंगावर निजून आकाशातील हिरवे उजेड पाहावे, तरी तेथेच मुक्काम करावा.

मातोश्रींनी चीज चमच्याने बाहेर काढले.

"रोपे, बाळा," त्या म्हणाल्या, "मी ते उजेड बहात्तर वर्षं बघतेय, गोठ्यात जाता-येता. त्यासाठी मी काचेखाली झोपू? उजेड मला बघेल की मी उजेडाला?"

"आई, जमीन गरम असते पण," रोपेराव म्हणाले.

"मग मोजे कशाला विणले तुला चार जोड?"

येणेप्रमाणे काचेची कोठी पहिल्याच हल्ल्यात पडली. मग उर्होजींनी बेटाची तरफदारी केली, ती ऐसी की फक्त म्हणाले, "मासे." आणि काइसूबाईंनी डोंगराची तरफदारी केली, ती ऐसी की फक्त म्हणाल्या, "वारा नाही तिथे, यंदा." त्यावर उर्होजी म्हणाले, "डोंगरमाथ्यावर वारा नाही. बरं." या 'बरं'मध्ये सहा वर्षांचा दारूगोळा भरला होता. मग उभयतां गप्प जाहले आणि घड्याळ वाजत राहिले आणि पाव संपले. मातोश्री नकाशा पुढे लोटून बसल्या आणि एकाचे बाजूने बोलावे तर दुसऱ्याचे मन मोडते म्हणून बोलेनात, आणि त्यांचा हात टेबलाखाली गुडघ्यावर होता, तो सेवकाने पाहिला.

तेव्हा रोपेरावांनी, केवळ गप्प बसवेना म्हणून, नकाशावर बोट ठेवून पुसिले, "आणि हे काय आहे मधे?"

ते वॅलीपुरोचे खोपटे. बेट आणि डोंगर यांचे बरोबर मधोमध, ओढ्याकाठी, दाट झाडीत. मासळी नाही, नजारा नाही, कोणी मुद्दाम जात नाही. परंतु उर्होजींनी पाहिले की ते डोंगरावर नाही, आणि काइसूबाईंनी पाहिले की ते बेटावर नाही. मग उर्होजी म्हणाले, "चालेल," आणि काइसूबाई म्हणाल्या, "माझी ना नाही," आणि सहा वर्षांचा तिढा एका दक्षिणी बोटाने सुटला. मातोश्रींचे डोळे भरले, म्हणजे त्यांनी भांडी जरा जोराने धुतली.

परंतु तह करणाराने एक गोष्ट मोजली नव्हती. वॅलीपुरोस निजावयास एकच लांब फळी, तीवर माणसे मावतात चार. मोहिमेस माणसे पाच; कारण मातोश्रींस अर्ध्या वाटेपर्यंत बर्फगाडीवरून नेणारा कोणी पाहिजे, आणि बर्फगाडी सेवकाची.

आता रानातील कायदा सांगतो, तो न कळल्यास पुढील घनघोर प्रसंग कळणार नाही. कुलूप नसलेल्या खोपट्यात ज्याचा हक्क मोठा तो आधी पोहोचणाराचा नव्हे, शेवटी येणाराचा. जो आधी आला त्याचे अंग वाळले, पोट भरले, चुलीची ऊब मिळाली. जो मागाहून थंडीतून येतो त्यास त्याने जागा द्यावी, आणि जागा न पुरल्यास आपण गाशा गुंडाळून वाटेस लागावे. शिवाय आधी पोहोचणारासच लाकूड फोडणे, चूल पेटवणे, ओढ्याचे बर्फ फोडून पाणी आणणे. हा कायदा आमच्या पणजोबांचे वेळेपासून आहे. लिहिलेला असो नसो, मोडलेला सेवकाने पाहिला नाही.

मग उर्होजींनी मनात मसलत केली की, आपण सरोवरावरून जावे आणि काइसूस आधी पोहोचू द्यावे, म्हणजे चूल ती पेटवील आणि जागा आपणांस मिळेल. आणि काइसूबाईंनी यजमानांपाशी मसलत केली की, आपण डोंगराकडून जावे आणि दादाला आधी पोहोचू द्यावे. म्हणजे वाटही एकमेकांची धरली नाही आणि डावही एकच टाकला. एका आईची लेकरे, दुसरे काय होणार! फक्त रोपेराव म्हणाले, "पण आपण भराभर जाऊन आधीच गरम होऊन बसलो तर?" त्यांस काइसूबाईंनी ऐसे पाहिले की त्यांनी पुढे मोहीम संपेतो मसलत दिली नाही.

गुरुवारी सकाळी थंडी शून्याखाली एकोणीस. फौजांनी कूच केले. उर्होजी एकटे, पाठीस ओझे, हाती बर्फास भोक पाडण्याचा गिरमिट, सरोवराचे बर्फावरून दरमजल दरमजल निघाले, आणि दोन प्रहरी वॅलीपुरोचे खालचे अंगास झाडीत येऊन पोहोचले. तेथून झाडीआड दार दिसेना, सबब त्यांनी दुर्बिणीने धुराडेच न्याहाळिले. धूर नाही. काइसू अजून पोहोचली नाही, ऐसे जाणून त्यांनी मोर्चा मांडला, म्हणजे जवळच्या तळ्याचे बर्फास भोक पाडून गळ सोडून बसले. त्याच समयी काइसूबाई आणि रोपेराव वरचे अंगास टेकाडामागे येऊन पोहोचले होते, आणि त्यांचेही दुर्बिणीत झाडीवरचे धुराडे तेवढे, आणि त्यास धूर नव्हता. मग त्यांनीही तळ दिला. ऐसे दोन सेनापती, मधे एक थंड खोपटे, आणि जो तो दुसऱ्याने आधी जिंकावे म्हणून टपलेला; ऐसे युद्ध सेवकाचे ऐकिवात नाही.

घटका गेली, दोन गेल्या. उर्होजींस बोटाएवढे मासे दोन मिळाले आणि नाक हाती लागेना. टेकाडामागे रोपेरावांची एक भुवई गोठून पांढरी जाहली.

"काइसू, मला पायाचे अंगठे जाणवत नाहीयेत."

"हलव."

"हलवतोय गं. तेच सांगतोय, हलवतोय ते जाणवत नाहीये."

"अजून थोडं. दादाला थंडी सोसत नाही, आत्ता जाईल बघ तो."

आणि खाली उर्होजी गळाशी पुटपुटत होते की, "त्या तुर्कूवाल्याचा आत्ता बर्फ होईल. मग जातील."

इकडे खाशांची स्वारी. मातोश्रींस बर्फगाडीमागील घसरगाडीत, रेनडिअरच्या कातड्यांत गुंडाळून, सेवकाने बर्फगाडीची वाट संपेतो नेले. तेथून खोपटे चार किलोमीटर. सेवकाने विनंती केली की पुढेही रान तुडवून गाडीनेच नेतो. मातोश्री म्हणाल्या, "ओइवा, बसूनच जायचं असतं तर काचेच्या डब्यात गेले असते ना?" आणि स्की चढवल्या आणि निघाल्या. दर शंभर पावलांस थांबत, आणि थांबल्या म्हणजे झाडाचे नाव सांगत किंवा पक्ष्याची खूण दाखवत, जणू त्याकरिताच थांबल्या. सेवक सर्व पाहत होता आणि पक्षी पाहतो ऐसे दाखवत होता. चार किलोमीटरांस तीन तास लागले.

वॅलीपुरोस पोहोचून पाहतात तो दारापुढील बर्फावर एक पाऊल नाही. दार उघडिले, आत बाहेरपेक्षाही गार. मातोश्री स्की न काढता उंबऱ्यापाशी उभ्या राहिल्या. मग आत जाऊन फळीवर बसल्या आणि टोपी काढून मांडीवर ठेविली.

"आले नाहीत रे, ओइवा."

"येतील. लांबची वाट आहे."

"लांबची वाट मला होती. त्यांना कसली?" मग म्हणाल्या, "मीच मूर्ख. दोन दिवसच तर मागितले होते."

सेवकाने एकतीस वर्षांत पुष्कळ दारांत वाईट पत्रे दिली आहेत, परंतु ऐसे वाईट कधी वाटले नव्हते. मग बादली घेऊन पाणी आणावयास गेला. मागले मुक्कामाचे माणसाने चुलीपाशी बारीक काटक्या आणि बर्चची साल रचून ठेविली होती, जैसा रिवाज आहे. तीस मातोश्रींनी स्वहस्ते काडी लाविली, कॉफी ठेविली, आणि दोघांनी एक एक पेला घेतला.

मग धुराड्यातून धूर निघाला आणि धूर निघताच दोन्ही मोर्च्यांवर एकदम आनंद जाहला. उर्होजी म्हणाले, "गेली एकदाची!" काइसूबाई म्हणाल्या, "गेला, सांगितलं नव्हतं?" आणि दोन्ही फौजा ओझी उचलून, विजयी मुद्रेने, झाडीतून चालून आल्या आणि खोपट्यापुढील मोकळ्या जागेत समोरासमोर ठाकल्या. अंतर वीस पावले. बराच काळ कोणी हलले नाही. धूर तर निघतो आहे, आणि शत्रू तर बाहेर उभा.

मग सहा वर्षांत न झालेले ऐसे संभाषण जाहले.

"ये ये, काइसू. जा की आत."

"नको दादा, तू मोठा. तू हो पुढे."

"छे छे. बायकांनी आधी."

"आजवर कधी दिलंस रे मला आधी? सायकल तरी दिलीस?"

"म्हणून तर आज देतोय!"

"तुझे ओठ निळे झालेत, मुकाट्याने जा."

"माझं बघू नको, नवऱ्याचं बघ. खांब झालाय त्याचा."

"मी जातो आत," रोपेराव म्हणाले. "खरंच. मला चालेल."

"तू थांब रे!" उभयतां एकदम म्हणाले. सहा वर्षांत भावाबहिणीचे तोंडून एकच वाक्य निघाले ते हे पहिले.

इतक्यात दार उघडून मातोश्री बाहेर आल्या. लेकरे आली ऐसे पाहून प्रथम त्यांचे तोंड उजळले ते सेवकाने मागून जरी पाहिले तरी कळले, कारण पाठ सरळ जाहली. मग त्यांनी एकाकडे पाहिले आणि दुसरीकडे पाहिले, दोन्ही दुर्बिणी पाहिल्या, दोन मासे पाहिले, पांढरी भुवई पाहिली, आणि सर्व कारस्थान जाणिले. रागे भरल्या नाहीत. वाकून स्की चढवू लागल्या.

"आई? कुठे निघालीस?" उर्होजींनी पुसिले.

"मी आधी आले ना. कॉफी झाली, ऊब घेतली. तुम्ही मागून आलात, जागा तुमची. माझ्या वडिलांनी मला हेच शिकवलं आणि मी तुम्हाला. चल ओइवा."

"अगं आई, गुडघा!"

"गुडघ्यालाही कायदा माहीत आहे."

आणि निघाल्या! एक पाऊल, दुसरे पाऊल, काठ्या रोवीत, ज्या वाटेने तीन तासांत आल्या त्याच वाटेस. काइसूबाईंचे हातून ओझे पडले. उर्होजी धावून आडवे आले, तो मातोश्रींनी काठी उचलून हुकूम केला की, "जोवर तुम्ही दोघं बाहेर उभे दिसाल तोवर मी थांबायची नाही. चूल विझतेय तिकडे. आत व्हा."

"पण आई—"

"आत!"

मग काय विचारता! जे खोपटे सबंध दुपार कोणास नको होते त्यावर उर्होजी आणि काइसूबाई ऐसे तुटून पडले की एकाच दारात दोघांचे खांदे अडकले, आणि मागून रोपेरावांनी दोहोंस डोक्याने रेटा दिला तेव्हा सर्व फौज आत जाऊन पडली.

मातोश्री तो लाकडांच्या छपरीआड गेल्या होत्या. तेथे काठ्यांवर भार देऊन उभ्या राहिल्या.

"हात दे रे," त्या म्हणाल्या. "दुखतंय. फार दुखतंय."

सेवकाने हात दिला आणि पुसिले की, लेकरे आत गेली नसती तर? तुम्ही खरेच गेल्या असतात?

"गेले असते," मातोश्री म्हणाल्या. "पण गेली की नाही दोघं? एकदमच गेली." आणि रडल्या, आणि हसल्या, आणि हातमोज्याने नाक पुसिले. मग छपरीस वळसा घालून दारापाशी आल्या आणि उंबऱ्यात उभ्या राहून जाहीर केले, "सांगा पाहू, आता शेवटी कोण आलं?"

कायदा पणजोबांचा. शेवटी मातोश्री आल्या, खोपटे मातोश्रींचे जाहले. त्यांनी तत्काळ जागांची वाटणी केली ती ऐसी: फळीवर मध्यभागी खासे; उजवे अंगास उर्होजी, डावे अंगास काइसूबाई; भिंतीकडे रोपेराव, तिसऱ्या मोज्यासह; आणि सेवक, जो सर्वांआधी आलेला, तो कायद्याने बाहेर, परंतु कृपावंत होऊन दाराजवळ जमिनीवर. तेथे खालून वारा येतो. तक्रार नाही, नोंद आहे.

मग दोन रात्री आणि दोन दिवस मुक्काम जाहला. उर्होजींनी लाकडे फोडली, काइसूबाईंनी पाणी आणिले. बोटाएवढ्या दोन माशांचे सार पाच जणांत वाटले आणि सर्वांनी पोट भरल्याचे खोटे सांगितले. रोपेरावांचे अंगठे सापडले. शनिवारी निघावयाचे वेळी उर्होजी म्हणाले, पुढले साली डोंगरावरच जाऊ, काइसू म्हणते तर. आणि काइसूबाई म्हणाल्या, छे, बेटावर, दादाला मासे लागतात. आणि त्यावर उभयतांचे पुन्हा जुंपले, परंतु आवाज चढवून, सबब काळजीचे कारण नाही. मातोश्री मधे बसून दोहोंचे ऐकत होत्या.

येणेप्रमाणे वॅलीपुरो फत्ते जाहले. फौज पाच, कामास आलेले कोणी नाही, जायबंदी एक भुवई, आणि काइसूबाईंच्या पडलेल्या ओझ्यातील एक थर्मासचे झाकण. पुढील माणसांकरिता काटक्या आणि साल चुलीपाशी रचून ठेविली आहे, आणि दार नीट ओढून घेतले आहे.

खोपट्याचे वहीत तीन रकाने असतात: कोण, कोठून, आणि येथून पुढे कोठे, कोणी रानात चुकल्यास शोधणारांस माग लागावा म्हणून. पहिले दोन सेवकाने भरले. कोण: लेम्पी आणि तिची माणसे. कोठून: दोन वाटांनी. तिसऱ्या रकान्यात सेवक इनारी लिहू लागला तो मातोश्रींनी लेखणी काढून घेतली आणि आपले हाताने लिहिले, "इथेच."

सेवकाने अदबीने हरकत घेतली की, बाईसाहेब, येथे गावाचे नाव लिहावे लागते, नाहीतर तुम्हांस शोधावयाचे झाल्यास माणसांनी कोठे शोधावे?

"बरोबर लिहिलंय मी," मातोश्री म्हणाल्या, आणि उर्होजींच्या खांद्यावर एक हात आणि काइसूबाईंच्या खांद्यावर एक हात ठेवून स्कीवर उभ्या राहिल्या. "मला शोधायचं झालं, तर इथेच शोधा."